विश्लेषण : रेणापूरची सिस्टर पुढे शिकली, तर परत कुठे येणार?

बारावीनंतर नर्सिंगला गेलेल्या मराठवाड्यातील मुलींसाठी एएनएमपासून पीएचडीपर्यंत शिक्षणाची वाट कागदावर खुली आहे. पण वाढलेल्या शिक्षणाला साजेसे पद आणि पगार गावाजवळ क्वचितच मिळतो. त्यामुळे पुढे शिकणे म्हणजे बहुतेकदा पुणे, हैदराबाद किंवा परदेश, असे समीकरण बनते. ही वाट नेमकी कुठे अडते आणि त्याची किंमत कोण मोजतो?

रेणापूरचाच विचार का?

लातूर-अंबाजोगाई रस्त्यावरचे रेणापूर हे रेणुकादेवीचे गाव आणि तालुक्याचे ठिकाण. लातूर इथून जेमतेम २० किलोमीटर. तिथे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. दुसऱ्या बाजूला अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे दोन मोठी शासकीय रुग्णालये तास-दीड तासाच्या अंतरात आहेत. असे भाग्य मराठवाड्यातल्या फार थोड्या तालुक्यांना लाभले आहे.

तरीही पानगाव, खरोळा, कारेपूर, पोहरेगाव अशा गावांतल्या माणसाचा आरोग्य यंत्रणेशी पहिला संबंध येतो तो डॉक्टरशी नव्हे, तर नर्सबाईशी. उपकेंद्रातली आरोग्य सेविका लसीकरण करते, गरोदर बाईची नोंद ठेवते. ग्रामीण रुग्णालयातली अधिपरिचारिका रात्री बाळंतपण पाहते. ‘पोटात कळा यायल्यात’, ‘लेकरू दूध पिईना झालंय’ हे तिला समजावून सांगावे लागत नाही. लातूर-नांदेडच्या वॉर्डात मराठीबरोबर दखनी उर्दू, कन्नड, तेलुगू आणि गोरमाटीही ऐकू येते. इथली परिचारिका यातल्या दोन-तीन भाषा सहज समजून घेते. तिचे इथे असणे ही केवळ तिच्या नोकरीपुरती बाब नाही. रुग्णाच्या उपचारांशी तिचा थेट संबंध आहे.

म्हणूनच रेणापूर हे चांगले उदाहरण आहे. वैद्यकीय महाविद्यालये जवळ असूनही इथली परिचारिका शिकून गावाजवळ टिकत नसेल, तर किनवट, माहूर किंवा देगलूरसारख्या दूरच्या तालुक्यांत ते अधिकच कठीण असणार.

नर्सिंगकडे वळणारी मुले येतात कुठून?

लातूरचे नाव राज्यभर गाजले ते ‘लातूर पॅटर्न’मुळे. दरवर्षी हजारो मुले-मुली डॉक्टर होण्यासाठी लातुरात खोल्या घेऊन राहतात. त्यातल्या मोजक्यांनाच एमबीबीएसची शासकीय जागा मिळते. उरलेल्यांपैकी काही आयुर्वेद, फार्मसी किंवा फिजिओथेरपीकडे जातात, तर काही नर्सिंगकडे. त्यांच्यासाठी नर्सिंग हा दुसरा पर्याय असतो.

कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या घरांत मात्र अनेकदा नर्सिंग हाच पहिला पर्याय असतो. सोयाबीनच्या भावावर वर्षाचे गणित अवलंबून असलेल्या कुटुंबाला तीन-चार वर्षांत हाताला काम देणारे शिक्षण हवे असते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या जिल्ह्यात ‘पाऊस पडो न पडो, पगार येईल’ अशा नोकरीची ओढ का असते, हे वेगळे सांगायला नको. घरातली एक मुलगी नर्स झाली की धाकटी बहीण, चुलत बहीण, गावातली मैत्रीण त्याच वाटेने जातात. अलीकडे मुलांची संख्याही वाढते आहे. वॉर्डात त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात.

या पेशाकडे पाहण्याची नजर पूर्वी अशी नव्हती. परक्या माणसाच्या अंगाला हात लावण्याचे, रात्री घराबाहेर राहण्याचे काम म्हणून प्रतिष्ठित घरे त्यापासून दूर राहत. महाराष्ट्रात ही कोंडी फोडण्यात पुण्याच्या सेवासदनाचा वाटा मोठा आहे. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालील या संस्थेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विधवा व निराधार स्त्रियांना ससून रुग्णालयाच्या मदतीने परिचर्येचे शिक्षण मिळवून दिले. पुढच्या काळात मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत केरळच्या परिचारिकांनी मोठा भार उचलला. आज मराठवाड्यातून निघालेली मुलगी त्याच वॉर्डांत केरळच्या सिस्टरशेजारी उभी असते.

बाहेरून येणाऱ्या परिचारिकांवर विसंबण्याचा धोका करोनाकाळात दिसला. मे २०२० मध्ये कोलकात्यातील खासगी रुग्णालयांमधून ३०० हून अधिक परिचारिका नोकरी सोडून मणिपूर आणि इतर राज्यांतील आपल्या घरी परतल्या. ऐन साथीत रुग्णालये अडचणीत आली. परिचारिका कुठली आहे, तिचे घर किती लांब आहे, हा प्रश्न त्यामुळे नियोजनाचाही ठरतो.

कोणत्या शिक्षणातून कोणती नोकरी?

बारावीनंतर तीन मुख्य मार्ग आहेत.

एएनएम : दोन वर्षांचा अभ्यासक्रम. कला शाखेच्या मुलींनाही तो करता येतो. यातून प्रामुख्याने जिल्हा परिषदेतील आरोग्य सेविका हे पद मिळते. नेमणूक उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात. बढतीची पुढची पायरी आरोग्य सहाय्यिका.

जीएनएम : तीन वर्षांची पदविका. बारावीत इंग्रजीसह किमान ४० टक्के गुण लागतात. विज्ञान शाखेला प्राधान्य असले तरी इतर शाखांनाही दार बंद नाही. नोंदणीकृत एएनएमलाही इथे प्रवेश मिळू शकतो. ही पदविका २०२०-२१ च्या सुमारास बंद करून फक्त पदवी ठेवण्याचा विचार राष्ट्रीय पातळीवर झाला होता. तो अमलात आला नाही. ग्रामीण भागाच्या दृष्टीने ही दिलाशाची बाब होती, कारण विज्ञान न घेतलेल्या मुलीसाठी रुग्णालयापर्यंत जाणारी ती मोठी वाट आहे.

बीएस्सी नर्सिंग : चार वर्षांची पदवी. बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी आवश्यक. खुल्या प्रवर्गासाठी किमान ४५ टक्के गुण लागतात. महाराष्ट्रात पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते आणि प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेतून होतो.

जीएनएम किंवा बीएस्सी झालेल्या उमेदवाराला शासकीय रुग्णालयात अधिपरिचारिका पदासाठी अर्ज करता येतो. पुढची उतरंड परिसेविका, सहाय्यक अधिसेविका आणि अधिसेविका अशी आहे. शिकवण्याकडे वळल्यास पाठ्यनिर्देशिका, तर आरोग्य केंद्राकडे वळल्यास सार्वजनिक आरोग्य परिचारिका ही पदे आहेत.

याशिवाय अलीकडच्या वर्षांत समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पद आले. उपकेंद्राचे रूपांतर ‘आयुष्मान आरोग्य मंदिरा’त झाल्यावर तिथे रक्तदाब, मधुमेह तपासणारा आणि प्राथमिक औषधे देणारा प्रशिक्षित माणूस हवा होता. महाराष्ट्रात त्यासाठी आयुर्वेद, युनानी पदवीधरांबरोबर बीएस्सी नर्सिंग झालेल्यांनाही संधी मिळाली. पद कंत्राटी आहे. दरमहा २५ हजार रुपये मानधन आणि कामावर आधारित १५ हजारांपर्यंत मोबदला, अशी त्याची रचना जाहिरातींत असते. पुढे शिकण्याचा थेट फायदा गावातच देणारे हे मोजक्या पदांपैकी एक.

नोकरी करता करता पुढे शिकायचे तर?

इथेही कागदावर पर्याय भरपूर आहेत.

जीएनएम झालेल्यांसाठी पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग हा दोन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. पदवीनंतर एमएस्सी नर्सिंग दोन वर्षांचे. त्यासाठी पदवीला ५५ टक्के गुण आणि किमान वर्षभराचा कामाचा अनुभव लागतो. वैद्यकीय-शल्य परिचर्या, सामुदायिक आरोग्य, बालआरोग्य, प्रसूती व स्त्रीरोग, मानसिक आरोग्य या त्यातील शाखा. पुढे पीएचडीही करता येते.

पदवीपेक्षा कौशल्य हवे असेल तर अतिदक्षता, कर्करोग, नवजात शिशू, शस्त्रक्रियागृह अशा विषयांत एका वर्षाच्या पोस्ट बेसिक पदविका आहेत. क्रिटिकल केअरमधील नर्स प्रॅक्टिशनर हा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रमही भारतीय परिचर्या परिषदेने आणला. केंद्राने २०१८ मध्ये मिडवायफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यात सामान्य बाळंतपण स्वतंत्रपणे हाताळू शकेल अशी परिचारिका १८ महिन्यांच्या प्रशिक्षणातून घडवण्याची कल्पना आहे. ज्या तालुक्यात स्त्रीरोगतज्ज्ञ कायम मिळत नाही, तिथे अशी प्रशिक्षित परिचारिका किती उपयोगी पडेल याचा अंदाज कोणालाही बांधता येईल.

नर्सिंगचे बहुतांश शिक्षण मात्र घरबसल्या होत नाही. प्रत्यक्ष वॉर्डात काम केल्याशिवाय ते पूर्ण होत नाही आणि तसे ते व्हायलाही नको. म्हणजे पुढे शिकायचे तर दोन वर्षे नोकरी, घर, लेकरे यांची सोय लावून वसतिगृहात जाणे आले.

मग वाट अडते कुठे?

पहिला अडसर नोकरीच्या स्वरूपाचा. कायमस्वरूपी सेवेतील परिचारिकेला पुढील शिक्षणासाठी रजा किंवा प्रतिनियुक्ती मागता येते. राष्ट्रीय आरोग्य अभियानात किंवा बाह्यस्रोतातून लागलेल्या परिचारिकेला ते जवळपास अशक्य असते. तिने दोन वर्षे शिक्षणासाठी दिली, तर परत आल्यावर तीच जागा मिळेल याची खात्री कोणी देत नाही. कंत्राट सहसा ठरावीक मुदतीचे असते, अभ्यासक्रम मात्र दोन वर्षांचा.

दुसरा अडसर विभागांच्या भिंतींचा. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, ग्रामीण रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आणि वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. तिन्हींची भरती, सेवाज्येष्ठता आणि बढतीची साखळी वेगळी. पानगावच्या उपकेंद्रात दहा वर्षे काढलेल्या आरोग्य सेविकेने जीएनएम केले, म्हणून ती आपोआप रेणापूरच्या ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका होत नाही. तिला नव्या उमेदवारासारखा अर्ज करावा लागतो, तोही वयोमर्यादेचा विचार करून. अनुभव जिथे मिळवला, तिथेच तो बराचसा राहून जातो.

तिसरा अडसर सर्वांत महत्त्वाचा, तो पदरचनेचा. ग्रामीण रुग्णालयात एमएस्सी झालेल्या परिचारिकेसाठी वेगळे क्लिनिकल पद नाही. बालआरोग्यात पदव्युत्तर शिक्षण घेतलेली आणि नुकतीच जीएनएम झालेली, दोघी त्याच वॉर्डात, त्याच पदावर, त्याच कामाला. बढती मुख्यतः सेवाज्येष्ठतेने मिळते. त्यामुळे एमएस्सी केल्यावर समोर प्रामुख्याने शिकवण्याचा रस्ता उरतो. तो नर्सिंग महाविद्यालयांकडे जातो, रुग्णाच्या खाटेकडे नाही. जास्त शिकलेली परिचारिका खाटेपासून दूर जाते, ती या रचनेमुळे.

पगाराचे गणित काय सांगते?

सातव्या वेतन आयोगानुसार राज्य सेवेतील अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. एम्ससारख्या केंद्रीय संस्थांत नर्सिंग ऑफिसरचे मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून. अधिक भत्ते दोन्हीकडे. ही तफावत राज्यातील परिचारिकांच्या असंतोषाचे एक कारण आहे. लातूर येथे मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र राज्य परिचारिका संघटनेने मे २०२२ मध्ये बाह्यस्रोतांद्वारे भरतीविरोधात आणि जुलै २०२५ मध्ये वेतनत्रुटी, रिक्त पदे व कंत्राटी भरतीच्या प्रश्नांवर राज्यव्यापी संप केला. या लढ्याचे केंद्र मराठवाड्यात असावे, हे पुरेसे बोलके आहे.

खासगी रुग्णालयांची स्थिती याहून नाजूक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ मधील निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने स्पष्ट सूत्र सुचवले होते. २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात शासकीय परिचारिकेइतके वेतन. १०० ते २०० खाटांसाठी त्यापेक्षा फार तर १० टक्के कमी. ५० ते १०० खाटांसाठी फार तर २५ टक्के कमी. त्याहून लहान रुग्णालयातही किमान २० हजार रुपये. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली आणि शिफारस बहुतांशी शिफारसच राहिली. तालुका आणि जिल्हा पातळीवर तर बहुतेक खासगी रुग्णालये ५० खाटांहून लहान असतात.

त्यामुळे जीएनएम झालेल्या मुलीसमोर हिशेब सरळ असतो. गावाजवळच्या छोट्या दवाखान्यात अनिश्चित पगार किंवा पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयात अनुभवाचे प्रमाणपत्र. दुसरा पर्याय निवडल्यास खोलीचे भाडे आणि खानावळ यांत पगाराचा मोठा भाग जातो. तरी ती जाते, कारण अतिदक्षता विभागातील दोन वर्षांचा अनुभव पुढची दारे उघडतो.

एम्स की जर्मनी?

एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदांसाठी २०२० पासून ‘नॉरसेट’ ही सामाईक परीक्षा होते. बीएस्सी झालेल्यांना अनुभवाची अट नाही. जीएनएम झालेल्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो. ८० टक्के जागा महिलांसाठी आणि २० टक्के पुरुषांसाठी, अशी विभागणी आहे. लातुरात नीटसाठी जशा अभ्यासिका भरतात, तशी या परीक्षेची तयारी करणाऱ्या परिचारिकांसाठी मोबाइलवरचे वर्ग हाच मुख्य आधार असतो, तोही रात्रपाळी उरकल्यावर.

परदेशाची वाटही रुंदावते आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मे २०२५ मधील अहवालानुसार जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका आहेत आणि तुटवडा ५८ लाखांचा आहे. दर सात परिचारिकांमागे एक तिच्या जन्मदेशाबाहेर काम करते. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. पहिल्या टप्प्यात १० हजार कुशल मनुष्यबळ पाठवण्याचे उद्दिष्ट त्यात ठरले आणि परिचारिकांचा त्यात समावेश आहे. केरळ या बाबतीत पुढे आहे. तिथली ‘नोर्का रूट्स’ ही सरकारी संस्था ‘ट्रिपल विन’ कार्यक्रमातून थेट जर्मन यंत्रणांशी जोडलेली आहे.

खरी कसोटी भाषेची. जर्मनीत परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळवण्यासाठी साधारणपणे बी-२ पातळीची जर्मन लागते. इंग्रजी माध्यमातही न शिकलेल्या मुलीला त्यासाठी वर्ष-दीड वर्ष चिकाटीने अभ्यास करावा लागतो. इंग्लंडसाठी ओईटी किंवा आयईएलटीएस, अमेरिकेसाठी एनक्लेक्स या परीक्षा आहेत.

जाणाऱ्या मुलीला दोष देण्याचे कारण नाही. तिने घराचे कर्ज फेडावे, भावाला शिकवावे, जग पाहावे, हा तिचा हक्क आहे. प्रश्न असा आहे की, जायचे की राहायचे हे ती खरोखर निवडू शकते का, की राहण्याचा पर्यायच तिच्यासाठी शिल्लक ठेवलेला नाही?

याचा रुग्णाशी संबंध काय?

ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. पुढच्या दिवसात हा आकडा ३१ वर गेला. अनेक रुग्ण अत्यवस्थ स्थितीत इतर ठिकाणांहून आले होते, औषधांचा तुटवडा नव्हता, असे प्रशासनाने सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि मंजूर व रिक्त पदांचा तपशील मागवला. मृत्यूंचे एकच कारण सांगता येणार नाही. पण दोन गोष्टी त्यातून पुढे आल्या. मनुष्यबळाचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. आणि तालुक्याच्या रुग्णालयात जे थांबवता येत नाही, ते जिल्ह्याच्या रुग्णालयात उशिरा आणि गर्दीने पोहोचते, हेही दिसले.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सामान्य रुग्णालयात पाच खाटांमागे एक आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका असा आहे. अतिदक्षता विभागात एका खाटेला एक. हा निकष प्रत्येक पाळीत पाळला जातो का, हे इथे महत्त्वाचे. समजा, ३० खाटांच्या रुग्णालयात एकूण सहाच परिचारिका आहेत. आठवड्याच्या २१ पाळ्या त्यांच्यात वाटल्या आणि प्रत्येकीला एक सुट्टी दिली, तर एका पाळीला सरासरी दोनही परिचारिका येत नाहीत. त्यातली एक प्रसूतिकक्षात अडकली की उरलेल्या वॉर्डाकडे एकच. अशा वेळी नवजात बाळाचा श्वास ओळखण्यात तरबेज असलेली एक प्रशिक्षित परिचारिका तिथे असणे आणि नसणे यात बाळाच्या जिवाचा फरक पडू शकतो. पुढील शिक्षणाचा प्रश्न म्हणजे फक्त प्रमाणपत्राचा प्रश्न नव्हे, तो असा.

निर्णय घेण्यापूर्वी काय तपासावे?

प्रवेशापूर्वी संस्था महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, हे पाहावे. उदगीर-देगलूर ओलांडले की कर्नाटक आणि तेलंगण लागते. तिथून शिकून आल्यास महाराष्ट्रातील नोकरीपूर्वी इथल्या परिषदेकडे नोंदणी करून घ्यावी लागते. ही नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकृत करायची असते आणि त्यासाठी सतत शिक्षणाचे तास दाखवावे लागतात.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. ती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांना मिळते, व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला नाही. आपला अभ्यासक्रम आणि महाविद्यालय त्यात बसते का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे.

नोकरी स्वीकारताना मूळ प्रमाणपत्रे रुग्णालयाकडे ठेवू नयेत. सेवेच्या सक्तीचा बॉण्ड लिहून घेण्याच्या पद्धतीला परिचर्या परिषदेने विरोध केला आहे. परदेशासाठी एजंट गाठल्यास तो केंद्राच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर नोंदणीकृत आहे का, हे तपासावे. कायद्याने त्याला कमाल ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी इतकेच सेवाशुल्क घेता येते. लाखांत पैसे मागणारा माणूस त्याच क्षणी संशयास्पद ठरतो.

पुढे काय?

ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व मिडवायफरी आयोग कायदा मंजूर केला. १९४७ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या या चौकटीत एकसमान प्रवेशप्रक्रिया आणि राष्ट्रीय नोंदवही यांची तरतूद आहे. त्याआधी एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २०१४ नंतरच्या वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून १५७ नर्सिंग महाविद्यालयांना मंजुरी दिली. त्यातून दरवर्षी सुमारे १५,७०० पदवीधर बाहेर पडावेत, अशी अपेक्षा आहे. मराठवाड्यात धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली येथे २०२२ ते २०२४ दरम्यान शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. त्यांच्या रुग्णालयांना परिचारिका लागणारच आहेत. मार्च २०२४ मध्ये राज्याने आरोग्य अभियानात १० वर्षे पूर्ण केलेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना ३० टक्के पदांवर सामावून घेण्याचा निर्णयही घेतला. तो पूर्णपणे अमलात यावा, यासाठी कर्मचाऱ्यांना पुन्हा संपावर जावे लागले.

जागा वाढवणे सोपे आहे. शिकलेल्याला गावाजवळ ठेवणे कठीण आहे. त्यासाठी नवी योजना जाहीर करण्यापेक्षा तीन साध्या गोष्टी अधिक उपयोगी ठरतील. कंत्राटी परिचारिकेलाही शिक्षणासाठी जागा राखून रजा. जिल्हा परिषद, ग्रामीण रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय यांच्यात अनुभव धरून बढतीची वाट. आणि ग्रामीण रुग्णालयात नवजात शिशू, मिडवायफरी, अतिदक्षता यांतील प्रशिक्षित परिचारिकेसाठी वेगळे पद व वेगळी वेतनश्रेणी.

‘लातूर पॅटर्न’ने डॉक्टर घडवण्याची शिस्त राज्याला दाखवली. त्या डॉक्टरांच्या बाजूला रात्रपाळीत कोण उभे राहणार, याचे उत्तरही इथेच शोधावे लागेल. रेणापूरची मुलगी लातुरात पोस्ट बेसिक बीएस्सी करून, वाढलेल्या पदावर रेणापूरच्याच रुग्णालयात परतली, ही बातमी होऊ नये इतकी नेहमीची गोष्ट बनेल, तेव्हा ही वाट पूर्ण झाली म्हणता येईल.